कुंपणी सरकार आणि पैसे मागणारं दार



'डिस्टोपिया' या शब्दाला मी मराठीत 'दुःस्वप्नराज्य' म्हणतो. फार सुरेख प्रतिशब्द आहे असं नाही, पण काम भागतं. रामराज्याच्या नेमकं उलटं. हा शब्द काढला की बहुतेकांना ऑर्वेलची '१९८४' आठवते. भिंतीवर नेत्याचं भलंमोठं चित्र, घरात डोळा ठेवणारा पडदा, कोठडी, छळ. म्हणजे सरकार. सरकार तुमच्या मानेवर बसलेलं आहे आणि ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

आज मला दुसऱ्या जातीच्या दुःस्वप्नाबद्दल बोलायचं आहे. तिथे तुमचा कोणी द्वेष करत नाही. उलट दारात स्वागत करतात, नावापुढे 'जी' लावतात, वाढदिवसाला संदेश पाठवतात. तुम्हाला कोणी पकडून आणलेलं नसतं. तुम्ही आपल्या पायांनी आलेले असता आणि येताना एका कागदावर सही केलेली असते. पुढे जे काही होतं ते त्या सहीच्या जोरावर होतं. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला रस आहे तो या सहीत.

आपल्या लोकांना हा प्रकार नवा वाटायचं खरं तर कारण नाही. 'कंपनी सरकार' हा शब्द आपल्या खापरपणजोबांच्या तोंडी होता. जुन्या मराठी कागदांत 'कुंपणी' असं लिहिलेलं सापडतं. ३१ डिसेंबर १६०० या दिवशी राणी एलिझाबेथनं लंडनच्या काही व्यापाऱ्यांना सनद दिली, तिथून ही गोष्ट सुरू होते. १७६५ साली बादशहा शहाआलमकडून याच कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी मिळाली. म्हणजे काय, तर कोट्यवधी माणसांकडून सारा वसूल करण्याचा हक्क. पुढे पाचच वर्षांत, १७७० मध्ये, बंगालात भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली, आणि वसुली चालू राहिली. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याचा कारभार इंग्लंडच्या राजाकडे गेला, असं आपण ढोबळपणे म्हणतो. तसं नव्हे. तो भागधारक असलेल्या एका कंपनीकडे गेला. आपल्यावर राज्य करणाऱ्यांची सभा लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर भरायची आणि तिथे लाभांशाची चर्चा व्हायची. १८५८ पर्यंत हे चाललं. ॲडम स्मिथला बाजाराचा भाट समजतात, पण १७७६ च्या त्याच्या ग्रंथात या कंपनीवर कडक टीका आहे. त्याचा मुद्दा असा की राजाचं हित प्रजा संपन्न होण्यात असतं. व्यापाऱ्याचं हित स्वस्तात घेऊन महागात विकण्यात असतं. एकाच माणसाला दोन्ही टोप्या घातल्या तर तो व्यापाऱ्यासारखाच वागणार. कुंपणच शेत खातं ही आपली म्हण कुंपणीवरून आलेली नाही, पण जुळून आलंय खरं. (हशा)

तेव्हा कंपनीराज ही कादंबरीकारांनी हवेतून काढलेली कल्पना नाही. त्यांनी केलं ते इतकंच, की जे दूरच्या वसाहतीत घडलं ते आपल्याच गावात, आपल्याच घरात आणून ठेवलं.

फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लुथ या दोघांनी मिळून लिहिलेली 'द स्पेस मर्चंट्स' १९५२ मध्ये 'गॅलक्सी' मासिकात क्रमशः आली, पुढच्या वर्षी पुस्तक झालं. नायक मिच कोर्टने जाहिरात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्या जगात सेनेटर हे राज्यांचे नसतात, कंपन्यांचे असतात. खायचा पदार्थ असा बनवलेला असतो की तो खाल्ल्यावर एका विशिष्ट पेयाचीच तल्लफ यावी, पेय प्यायल्यावर एका विशिष्ट सिगारेटची, आणि सिगारेट ओढल्यावर पुन्हा त्याच पदार्थाची. हा नायक कटकारस्थानात सापडतो, त्याची ओळख पुसली जाते आणि तो कोस्टारिकातल्या एका कारखान्यात मजूर म्हणून येऊन पडतो. तिथे त्याला कोणी चाबकानं मारत नाही. राहण्याचे पैसे कापले जातात, जेवणाचे कापले जातात, व्यसन तर लावलेलंच आहे, त्याचेही कापले जातात. पगाराच्या दिवशी कळतं की आपण मागच्या वेळेपेक्षा जास्त देणं लागतो. आणि देणं फिटेपर्यंत करार संपत नाही. कालपर्यंत हाच माणूस त्या मजुरांना माल विकण्यासाठी जाहिराती लिहीत होता. कादंबरी विनोदी आहे बरं का. वाचताना हसू येतं, आणि मग आपण कशाला हसलो याचा विचार पडतो.

आता, हे भविष्य म्हणून लिहिलं असलं तरी अमेरिकेच्या भूतकाळातलंच आहे. खाणींच्या गावात कंपनीचंच दुकान असे आणि मजुरी कंपनीच्याच टोकनांत मिळे. ती दुसऱ्या दुकानात चालत नसत. पण मला या खाणींपेक्षा शिकागोजवळचं पुलमन हे गाव जास्त बोलकं वाटतं, कारण ते वाईट हेतूनं वसवलेलं नव्हतं. जॉर्ज पुलमन रेल्वेचे शयनयान डबे बनवायचा. १८८० मध्ये त्यानं कामगारांसाठी आख्खं गाव बांधायला घेतलं. विटांची चांगली घरं, बाग, नाट्यगृह, ग्रंथालय, चर्च. बाहेरचे लोक पाहायला यायचे आणि वाहवा करायचे. फक्त तिथली प्रत्येक गोष्ट कंपनीच्या मालकीची होती. ग्रंथालयाला वर्गणी होती. चर्चला भाडं होतं, आणि ते इतकं की कित्येक वर्षं कुठल्याही पंथाला परवडेना, त्यामुळे देऊळ बांधून तयार आणि आत देव नाही अशी अवस्था. १८९३ ला मंदी आली. पुलमननं मजुरी सरासरी पंचवीस टक्क्यांच्या आसपास कापली. घरभाडं मात्र एका सेंटानंही कमी केलं नाही. त्याचं म्हणणं, मजुरी ठरवणारी कंपनी वेगळी आणि घरमालक म्हणून कंपनी वेगळी. दोन्ही व्यवहार स्वतंत्र आहेत. कागदावर बरोबर होतं ते! १८९४ च्या मे महिन्यात संप झाला, तो देशभरच्या रेल्वेत पसरला, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडनं सैन्य पाठवलं, माणसं मेली, संप मोडला. १८९७ साली पुलमन वारला तेव्हा कामगार प्रेत उकरतील या भीतीनं शवपेटीवर काँक्रीट आणि रेल्वेचे रूळ घालून ती पुरली. पुढच्या वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डबे बनवण्याचा परवाना असलेल्या कंपनीला गाव चालवता येणार नाही, घरं विकून टाका.

आणि अमेरिकेपर्यंत जायची तरी काय गरज आहे? बीडकडचे ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतात. नवराबायको मिळून एक कोयता. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. खाडा झाला तर दंड, तोही उचलीत मिळवायचा. २०१९ मध्ये या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात आला, समिती नेमली गेली. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हे बायकांनी सांगितलेलं एक कारण होतं. पोल आणि कॉर्नब्लुथला हे सुचलं नसतं. इथे कुठली चकचकीत कंपनी नाही, मधे मुकादम आहे, आणि कारखाना म्हणू शकतो की आमचा या बाईशी करारच नाही.

आता दाराकडे येतो.

फिलिप के. डिकची 'युबिक' ही कादंबरी १९६९ ची. त्यात जो चिप नावाचा एक कायम कडकी असलेला माणूस आहे. त्याच्या सदनिकेचं दार बोलतं, आणि उघडण्याचे पाच सेंट मागतं. जोच्या खिशात नाणं नाही. तो म्हणतो, उद्या देतो. दार ऐकत नाही. तो म्हणतो, अरे, मी देत होतो ती तर बक्षिसी होती, द्यायलाच हवी असं कुठंय? दार त्याला म्हणतं, घर घेताना केलेला करार काढून बघ. तो खणातून करार काढून बघतो, आणि दाराचं बरोबर असतं. उघड-झाप करण्याचं शुल्क सक्तीचं आहे, बक्षिसी नाही. मग हा माणूस स्वयंपाकघरातली सुरी आणून दाराचे स्क्रू काढायला लागतो, आणि दार त्याच्यावर दावा लावायची धमकी देतं.

हा प्रसंग दीड-दोन पानांचा आहे आणि कथानकाच्या दृष्टीनं बिनमहत्त्वाचा आहे. पण या विषयावर इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ऑर्वेलच्या खोलीतला पडदा तुमचा शत्रू असतो. हे दार शत्रू नाही. ते खोटं बोलत नाही, फसवत नाही, करारात आहे तेवढंच मागतं. जोला भांडायला समोर कोणी माणूसच नाही. दुसरी गोष्ट, दार त्याच्या घराचं आहे आणि तरीही त्याचं नाही. मालकी म्हणजे काय, यावर कायद्याच्या आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत शेकडो पानं आहेत, पण सामान्य माणसाची समजूत साधी असते: माझी वस्तू म्हणजे जी मी कोणाला न विचारता वापरू शकतो. डिकनं ती समजूतच काढून घेतली. वस्तू विकत घेतलेली, वापर भाड्यानं.

चाळीस वर्षांनी, जुलै २००९ मध्ये, ॲमेझॉननं किंडलवर विकलेली काही पुस्तकं ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली. ज्यानं ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत केले. पण पुस्तकं कोणती? ऑर्वेलची 'ॲनिमल फार्म' आणि '१९८४'. (हशा) हसा, पण हे एखाद्या लेखकानं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच होतंय. एका विद्यार्थ्यानं त्या पुस्तकावर अभ्यासाची टिपणं केली होती, ती निरर्थक झाली. कंपनीच्या प्रमुखानं, जेफ बेझोसनं, जाहीर माफी मागितली, ती चांगली गोष्ट. माझा प्रश्न माफीचा नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारानं चुकून चोरीची प्रत विकली, तर तो रात्री माझ्या घरात शिरून ती कपाटातून काढून टेबलावर पैसे ठेवून जाऊ शकत नाही. त्याला कायदा अडवतोच, पण त्याआधी भिंत अडवते. किंडलमध्ये भिंतच नव्हती. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूनं काही देशांत मोटारीतली बैठक गरम करण्यासाठी मासिक वर्गणी ठेवली. तारा बैठकीत आधीच बसवलेल्या, गाडीचे पैसे दिलेले, बटण दाबायचं भाडं वेगळं. लोक चिडले, वर्षभरात कंपनीनं माघार घेतली. पाच सेंटांचं दार यापेक्षा वेगळं कुठे आहे ते मला कोणी सांगावं.

इथे कोणीतरी म्हणेल, सर, सही केली ना? मान्य आहे वर बोट दाबलं ना? मग तक्रार कसली?

हा आक्षेप हलका नाही. आधुनिक राजकीय विचारांचा निम्मा डोलारा संमतीवर उभा आहे. सत्ता वैध कधी? जिच्यावर ती चालते त्यानं मान्य केली तर. हॉब्ज घ्या, लॉक घ्या. मग कंपनीची सत्ता तर राज्यापेक्षा जास्त वैध म्हणायला हवी, कारण राज्यात आपण जन्मतो, सही कोणीच करत नाही. कंपनीशी मात्र प्रत्येकानं सही केलेली असते. या ठिकाणी मी नेहमी मिलकडे जातो. जॉन स्टुअर्ट मिलनं 'ऑन लिबर्टी'मध्ये, १८५९ साली, एक अवघड प्रश्न घेतला: माणसानं राजीखुशीनं स्वतःला गुलाम म्हणून विकलं तर? तो म्हणतो, असा करार मानू नये. माणसाच्या इच्छेचा आपण आदर करतो तो त्याच्या स्वातंत्र्यासाठी. त्या एका इच्छेनं पुढचं सगळं स्वातंत्र्य संपत असेल तर आदराचं कारणच संपलं. थोडक्यात, संमती एकदा देऊन संपत नाही. ती काढून घेता येत असेल, तरच ती संमती राहते.

आता गंमत बघा. हा मिल पस्तीस वर्षं नोकरी कुठे करत होता? लेडनहॉल स्ट्रीटवर, कुंपणीच्या कचेरीत. हिंदुस्थानशी चालणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे तो लिहायचा, आणि कंपनीचं राज्य काढून घेऊ नका म्हणून पार्लमेंटला केलेला अर्जही त्यानंच लिहिला. ज्यांनी कधी सहीच केली नव्हती अशा कोट्यवधी लोकांवरच्या राज्याचा हा मसुदालेखक. त्याचं त्याला उत्तर होतं, की स्वातंत्र्याचं तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही. मला मिल आवडतो, पण हे उत्तर अजिबात आवडत नाही. त्याचा मूळ युक्तिवाद मात्र त्याच्यापेक्षा मोठा आहे, म्हणून वापरतो.

एका बाबतीत कादंबऱ्या आणि सिनेमे दिशाभूल करतात. 'ब्लेड रनर'मध्ये टायरेल कंपनीचा पिरॅमिडसारखा मनोरा आहे, 'रोबोकॉप'मधली कंपनी पोलीस खातं चालवते. सगळं भव्य. प्रत्यक्षात हे दुःस्वप्न टपाल कचेरीच्या काउंटरवर येतं.

ब्रिटनमध्ये छोट्या गावांतली पोस्ट ऑफिसं कंत्राटी पोस्टमास्तर चालवतात. किराणा दुकान, आणि एका बाजूला पोस्टाची खिडकी. त्यांत आपल्याकडून गेलेली कुटुंबंही बरीच. १९९९ पासून तिथे 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवली गेली, फुजित्सू कंपनीची. संध्याकाळी हिशेब लावला की प्रणाली दाखवायची, हजार पौंड कमी आहेत. दुसऱ्या दिवशी दोन हजार. करारात काय होतं? तूट आली तर पोस्टमास्तरानं भरायची. लोकांनी बचत घातली, घरं गहाण टाकली. मदत क्रमांकावर फोन केला तर कित्येकांना एकच उत्तर मिळालं, की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. पोस्ट ऑफिस ही सरकारच्या मालकीची कंपनी, आणि ती स्वतःच खटले भरत होती. फिर्यादी तीच, तपास तिचाच. त्यात इंग्लंडच्या कायद्यात १९९९ मध्ये बदल झाला होता: संगणक नीट चालत होता हे फिर्यादीनं सिद्ध करायची अट गेली आणि तो नीटच चालतो असं गृहीत धरायचं ठरलं. नऊशेहून जास्त माणसांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. चौकशीच्या अहवालानुसार किमान तेरा जणांनी या पायी आयुष्य संपवलं असावं.

पैसे कोणी चोरले नव्हते. प्रणालीत दोष होते, आणि फुजित्सूची माणसं दुरून खात्यांत शिरू शकत होती, जे अशक्य आहे असं कंपनी सांगत आली. ५५५ जणांनी एकत्र दावा लावला, २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं त्यांचं म्हणणं खरं धरलं.

काफ्काची 'द ट्रायल' आपण सरकारी यंत्रणेची गोष्ट म्हणून वाचतो. काफ्का स्वतः कामगारांच्या अपघातविमा संस्थेत नोकरीला होता. कागद माणसाला कसा गिळतो हे त्यानं जवळून पाहिलेलं. होरायझनमध्येही कोणी राक्षस नव्हता. मदत क्रमांकावरची मुलगी समोरच्या कागदावरचं उत्तर वाचत होती, वकील पगारापुरतं काम करत होता, वरचे साहेब कंपनीचं नाव सांभाळत होते. आणि निकाल लागूनही बहुतेकांच्या शिक्षा तशाच राहिल्या, चार वर्षं. मग जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर चार भागांची एक नाट्यमालिका आली. लोकांनी ती पाहिली, देश खवळला, आणि त्याच मे महिन्यात पार्लमेंटनं कायदा करून सरसकट शिक्षा रद्द केल्या. जे न्यायालयाच्या निकालपत्रानं झालं नाही ते गोष्टीनं झालं. हे कथेच्या बाजूनं आहे की न्यायव्यवस्थेच्या विरुद्ध, ते तुम्ही ठरवा.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: सर, माझा मुलगा ॲपवरून जेवण पोचवतो. एका सकाळी आयडी बंद झाला. कारण कळलं नाही, कोणाला भेटावं तेही कळेना. आपल्याकडचा कायदा सहीच्या पलीकडे बघतो का?

उत्तर: ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न हाच जो चिपच्या दाराचा प्रश्न आहे. दार बंद, आणि भांडायला समोर माणूस नाही. थोडं झालंय. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' ही व्याख्या पहिल्यांदा आली, राजस्थाननं २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. नीती आयोगानं २०२२ च्या अहवालात असे ७७ लाख कामगार मोजले होते, म्हणजे तुमचा मुलगा एकटा नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये उबरच्या खटल्यात म्हटलं की करारात काय लिहिलंय तिथून सुरुवात करू नका; भाडं कोण ठरवतं, चालकावर नियंत्रण कोणाचं, ते बघा. आणि चालकांना कामगार मानलं.

आपल्याकडे त्याआधी, १९८६ मध्ये, ब्रजोनाथ गांगुली यांचा खटला झाला. कलकत्त्याची जलवाहतूक कंपनी, तीही सरकारी. नोकरीच्या नियमांत कलम होतं, तीन महिन्यांची नोटीस किंवा पगार देऊन कायम माणसालाही काढता येईल, कारण न सांगता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द ठरवलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. पी. मादन यांनी, जे मुंबई उच्च न्यायालयातून गेले होते, आणि भिवंडी दंगलीच्या चौकशी आयोगामुळे तुमच्यापैकी जुन्या मंडळींना माहीत असतील. तत्त्व असं, की दोन बाजूंच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असेल आणि दुबळ्याला छापील अटींवर सही करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर त्यातली अन्याय्य अट न्यायालय चालू देणार नाही. मात्र त्याच निकालात हेही आहे, की दोन्ही बाजू व्यापारी असतील आणि व्यवहार व्यापाराचा असेल, तर हे तत्त्व लागू होईलच असं नाही. तुमच्या मुलाच्या ॲपवर त्याला काय म्हणतात हो?

श्रोत्या: पार्टनर.

उत्तर: बघा. घरी गेलात की तो करार मराठीत कुठे मिळतो का ते आधी शोधा, आणि मिळाला तर एखाद्या वकिलाला दाखवा.